हंगेरियन भाषेचे सगेसोयरे: हा शोध सुरू कुठून झाला?

हंगेरियनमध्ये शंभराला साझ म्हणतात, हजाराला एझेर आणि सोन्याला ऑरॉन्य. शत, हजार, हिरण्य आठवलं ना? पण एवढ्यावरून ती आपल्या कुळातली भाषा समजू नका, हे शब्द फार जुन्या काळी गवताळ मैदानातल्या इंडो-इराणी शेजाऱ्यांकडून घेतलेले आहेत, भाषा मुळात युरालिक, म्हणजे फिनिश-एस्टोनियनच्या गोतातली, आणि आजूबाजूला सगळीकडे जर्मन, स्लाव्ह आणि रोमेनियन बोलणारे.

स्वतःला मॉद्यॉर म्हणवणारे हे लोक साधारण 895 च्या सुमारास आर्पादच्या नेतृत्वाखाली पूर्वेकडून कार्पेथियन डोंगरांच्या आतल्या सपाटीवर आले. पुढे राजा इश्तवानने ख्रिश्चन राज्य उभं केलं आणि लिहिण्याची भाषा झाली लॅटिन. बालातोन तळ्याकाठच्या तिहॉन्य मठाची 1055 ची सनद बघा, सगळी लॅटिन, पण हद्दी सांगताना मध्येच 'फेहेरवारला जाणाऱ्या लष्करी रस्त्यापर्यंत' हे शब्द चक्क हंगेरियनमध्ये. जमिनीची खूण गावच्या लोकांना कळायला हवी ना! मला तर त्या सनदेतली हीच ओळ सगळ्यात जिवंत वाटते.

भाषेची बांधणी मराठी माणसाला तशी परकी वाटत नाही. हाझ म्हणजे घर, हाझबॉन म्हणजे घरात, हाझबोल घरातून. फक्त प्रत्ययाचा स्वर शब्दातल्या स्वराशी जुळवून घेतो, म्हणून हातात म्हणायचं तर केझबेन. लिंगभेद नाहीच, तो आणि ती दोघांनाही एकच सर्वनाम. आडनाव आधी, नाव मागून. आणि मोठ्या माणसाला यानोश बाची, काती नेनी म्हणायचं, अगदी आपल्या नावापुढच्या काका-काकूंसारखं.

आता नातेवाइकांचं. 1769 मध्ये शॉयनोविच यानोश नावाचा जेझुइट पंथाचा ख्रिश्चन धर्मगुरू शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना बघायच्या मोहिमेत नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला गेला, तिथल्या सामी लोकांची बोली ऐकली आणि 1770 मध्ये ही आपलीच भावकी असं पुराव्यानिशी छापलं. बऱ्याच जणांना ते अजिबात रुचलं नाही, पराक्रमी घोडेस्वारांचे वंशज आम्ही आणि नातं मासे खाऊन राहणाऱ्यांशी? पण हात, मासा, पाणी, रक्त असे रोजचे शब्द फिनिशशी जुळतात, केझ-कासी, हॉल-काला, वीझ-वेसी, वेर-वेरी, आणि सगळ्यात जवळच्या बहिणी निघाल्या सैबेरियातल्या ओब नदीच्या खोऱ्यातल्या खांती आणि मान्सी.

याच मूळ शोधाच्या ध्यासाने ट्रान्सिल्व्हेनियातल्या कोरोश गावचा चोमा शांदोर 1819 मध्ये पूर्वेकडे निघाला, बराचसा प्रवास पायी. पोचला लडाखला. झांस्करमध्ये झांगला इथे नऊ फुटी खोलीत, विस्तव नाही, बाहेर बर्फ, अशा हिवाळ्यात लामाजवळ बसून तो तिबेटी शिकला. हंगेरियनचं मूळ त्याला सापडलं नाही, पण 1834 मध्ये कलकत्त्यात त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश आणि व्याकरण छापून आलं आणि आधुनिक तिबेटी अभ्यासाचा पायाच घातला गेला! ल्हासाला जायला निघालेला असताना 1842 मध्ये तो दार्जिलिंगला तापाने गेला, कबर तिथेच आहे.

तिकडे मायदेशी वेगळीच लढाई चालू होती. 1784 मध्ये, तेव्हा हंगेरीवर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्यातल्या सम्राट दुसऱ्या जोसेफने कारभार जर्मनमध्ये करायचा हुकूम काढला तसे लोक खवळले, तो हुकूम 1790 मध्ये मागे घ्यावा लागला. लेखक काझिन्त्सी फेरेंत्स आणि त्याच्या सोबत्यांनी हजारो नवे शब्द घडवले, 1825 मध्ये सेचेन्यी इश्तवान या उमरावाने हंगेरियन विद्वानांच्या अकादमीसाठी आपलं एका वर्षाचं उत्पन्न देऊ केलं आणि 1844 च्या कायद्याने हंगेरियन एकदाची राज्याची भाषा झाली.

मग पहिलं महायुद्ध हरल्यावर 1920 चा त्रियानोंचा तह. दोन तृतीयांश मुलूख गेला आणि तीसेक लाख हंगेरियन भाषक रातोरात शेजारच्या देशांचे झाले. चोमाचं गावही आज रोमेनियात आहे. गावाच्या नावात आता त्याचंही नाव आहे, चोमाकोरोश, आणि तिथे अजून हंगेरियनच बोलतात.