गोठू नये म्हणून पाणी मारायचं!

थंडीची लाट आली की फ्लोरिडातले फोटो फिरायला लागतात, बर्फात गच्च अडकलेल्या स्ट्रॉबेऱ्या, पानापानाला लटकलेले सुळके, आणि खाली हमखास ओळ असते की शेतकऱ्याने बर्फाची रजई घालून पीक वाचवलं. फोटो खरे आहेत, पीकही वाचतं, पण ते रजईचं काही खरं नाही. असा पातळ घट्ट बर्फ उष्णता अडवत नाही, उलट पाण्यापेक्षा जवळपास चौपट सहज बाहेर जाऊ देतो.

फ्लोरिडा म्हणजे तीन बाजूंनी समुद्र, हिवाळाही उबदार, म्हणून तर टॅम्पाजवळच्या प्लांट सिटीत जानेवारीत स्ट्रॉबेरी पिकते. पण एखाद्या वर्षी उत्तरेची ध्रुवीय हवा थेट खाली घसरते आणि रात्री पारा शून्याखाली जातो. उमललेलं फूल उणे 1 अंशाच्या आसपास मरतं. मग शेतकरी रात्रीच स्प्रिंकलर चालू करतात.

इथे शाळेतला अप्रकट उष्मा आठवा. 1 ग्रॅम पाण्याचा बर्फ होताना 80 कॅलरी उष्णता बाहेर पडते. बर्फ वितळवायला उष्णता द्यावी लागते ना, तीच गोठताना परत मिळते. आणि पाणी-बर्फ एकत्र आहेत तोवर तापमान शून्यावरच अडून राहतं. म्हणजे फुलावर ओलं पाणी सतत पडत आणि गोठत राहिलं तर बाहेर उणे 4 असलं तरी फूल शून्याच्या आसपासच राहतं आणि तेवढं त्याला सोसतं. हिशोब करून बघा, तासाला 6 मिलिमीटर पाणी म्हणजे एकरी साधारण 24 हजार लिटर, ते सगळं गोठलं तर सव्वादोन हजार किलोवॅट, म्हणजे एका एकरात 2 किलोवॅटचे अकराशे गीझर चालू ठेवल्यासारखं! मला तर हे वाचताना दरवेळी भारी वाटतं.

पाणी पुरतंय का हे बर्फाकडे बघून कळतं. बर्फ पारदर्शक आणि वरून ओला असेल तर ठीक, दुधट पांढरा दिसला तर पाणी कमी पडतंय, झटकन गोठताना हवा आत अडकलीये.

पण यात एक मोठी गोची आहे. 1 ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला शून्य अंशाजवळ सुमारे 600 कॅलरी लागतात, त्या पानातूनच ओढल्या जातात. म्हणजे एक ग्रॅम वाफ झाली की साडेसात ग्रॅम गोठून मिळालेलं सगळं गेलं. वारा असेल, हवा कोरडी असेल तर पाणी मारून पीक आणखी गार होतं, 1962 च्या डिसेंबरात तिथल्या संत्र्यांच्या बागांना असाच फटका बसला होता. म्हणून थर्मामीटरवर ओलं कापड गुंडाळून जे तापमान दिसतं ते बघून पंप चालू-बंद करायचा, नुसत्या हवेच्या आकड्यावर जायचं नाही. आणि एकदा सुरू केलं की मध्ये थांबायचं नाही, सकाळी उन्हाने बर्फ सुटायला लागेपर्यंत. मध्येच पंप बंद पडला तर काहीच न करण्यापेक्षा वाईट.

आपल्याकडे निफाडला द्राक्षवाले पहाटे पाणी सोडतात तेव्हा बहुतेक वेळा गोठण्याचा प्रश्न नसतो, विहिरीचं पाणी मुळात हवेपेक्षा कोमट असतं, त्याचाच उपयोग.

आणि हो, पृथ्वी सूर्यापासून लांब गेली म्हणून थंडी वाढली, आजारपण येणार, हा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज कृपया पुढे पाठवू नका. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, आणि फ्लोरिडा नेमका तेव्हाच गारठतो.

ही युक्ती फुकट मात्र नाही. 2010 च्या जानेवारीत प्लांट सिटीच्या भागात सलग 11 दिवस थंडी राहिली, सगळ्यांनी एकदम बोअरचं पाणी उपसलं, भूजल सुमारे 60 फूट खाली गेलं, शेजारच्या घरांच्या विहिरी आटल्या. तिथली जमीन खाली चुनखडीची, पोकळ्यांनी भरलेली, पाण्याचा आधार गेल्यावर जवळपास 140 ठिकाणी खचली. त्यानंतर पिकावर कापड अंथरण्यावर आणि शेततळ्यातलं पाणी वापरण्यावर भर यायला लागला, आणि कापड तरी खरोखर रजईसारखं काम करतं, कारण ते जमिनीची उष्णता आत धरून ठेवतं.