मुलाच्या ताब्यासाठी बंदिप्रत्यक्षीकरण याचिका

आई-वडिलांच्या भांडणात एकाने मूल परस्पर नेले, ठावठिकाणा कळू दिला नाही किंवा ठरल्या दिवशी परत पाठवले नाही, तर मुलाचा शोध घेऊन त्याला हजर करण्याचा आदेश मिळवण्यासाठी भारतात प्रामुख्याने उच्च न्यायालयात बंदिप्रत्यक्षीकरण याचिका केली जाते. कोर्टात तिला सर्रास ‘हेबियस’ म्हणतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ने उच्च न्यायालयाला हा अधिकार दिला आहे.

हा उपाय मुळात बेकायदा डांबलेल्या माणसासाठी. तो मुलांना लागू करताना १९५९ साली, मुंबईतल्या एका आईच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाची दिशा दिली: मुलीवर कायदेशीर हक्क नसलेली नातेवाईक तिला परत देत नसेल, तर ते डांबून ठेवणेच आहे, पालक व पाल्य कायदा, १८९० खाली दाद मागता येते म्हणून हा मार्ग बंद होत नाही. आईच्या मृत्यूनंतर मावशी-मामाकडे राहिलेले बाळ वडिलांकडे सोपवण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश २०१९ मध्ये याच धर्तीवर कायम झाला.

दोघेही नैसर्गिक पालक असतील तेव्हा खरी अडचण येते. स्वतःच्या बापाकडे असलेले मूल ‘डांबलेले’ कसे म्हणायचे? १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलासाठी झडतीचे वॉरंट काढता येत नाही असे सांगितले, तर २०२३ मध्ये नागपूर खंडपीठाने, न्यायालयाचा मनाई आदेश नसताना वडिलांनी मूल नेणे हे अपहरण ठरत नाही, असा निर्णय दिला. त्यामुळे पोलीस ठाण्यात ‘हा तुमचा घरगुती मामला’ असे ऐकून आलेल्या आईला अखेर उच्च न्यायालयाचेच दार ठोठवावे लागते.

मुंबईत अशी याचिका फौजदारी रिट म्हणून दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे येते. पोलिसांनाही प्रतिवादी केलेले असल्याने शोधाची जबाबदारी थेट त्यांच्यावर टाकता येते: मोबाइलचे लोकेशन, नातेवाइकांची घरे, नव्या शाळेतला प्रवेश. मूल देशाबाहेर जाण्याची भीती असेल तर पासपोर्ट जमा करायला लावला जातो. मूल हजर झाले की न्यायमूर्ती अनेकदा त्याला चेंबरमध्ये बोलावतात आणि आई-वडील व वकिलांना बाहेर ठेवून त्याच्याशी बोलतात. समज आलेल्या मुलाची पसंती विचारात घ्यावी, असे १८९०चा कायदाही सांगतो. पण पढवलेले उत्तर आणि मनातले उत्तर यांतला फरक काही मिनिटांत ओळखणे फार अवघड काम आहे.

निर्णयाची कसोटी मुलाचे हित हीच; आई-बापाचा हक्क त्यानंतर. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ नुसार पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे. या याचिकेत मिळालेला ताबा मात्र कायमचा नसतो. तो वाद कौटुंबिक न्यायालयात चालतो, आणि तोही मूल सामान्यतः जिथे राहते तिथल्या. म्हणूनच मूल रातोरात दुसऱ्या जिल्ह्यात हलवले जाते. तारखा पडत गेल्या की ते नव्या घरी रुळते, आणि मग ‘आता इथेच रुळले आहे’ असा युक्तिवाद होतो. उशिराचा फायदा मूल नेणाऱ्याला मिळतो, हा या व्यवस्थेतला सर्वात मोठा अन्याय आहे.

परदेशातून आणलेल्या मुलांबाबत प्रश्न आणखी बिकट होतो. पळवलेली मुले परत पाठवण्याविषयीच्या १९८०च्या हेग करारात भारत सामील नाही. २००९ साली विधी आयोगाने सामील होण्याची शिफारस केली होती. कौटुंबिक हिंसेतून सुटून माहेरी आलेल्या आईला त्याच घरी परत जावे लागेल, हा सामील होण्याला विरोध करणाऱ्यांचा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. अमेरिकेत आईकडे असलेला मुलगा वडिलांनी पुण्यात आणला, तेव्हा १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आईच्या स्वाधीन केला. २०१७ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घ्यायच्या बाबींपैकी केवळ एक ठरवला, आणि २०२२ मध्ये स्पष्ट केले की मुलाला परत पाठवण्याचा आदेश देता येतो, पण त्याच्यासोबत जाण्याची सक्ती पालकावर करता येत नाही.