आरोग्यदूताच्या हातातली सुई

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून १९८२ साली वेगळा निघाला आणि चारच वर्षांनी अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दारूबंदीचं आंदोलन, ‘शोधग्राम’ या संस्थेच्या वसाहतीतला दवाखाना हे बहुतेकांना ठाऊक आहे. आज ‘आशा’ताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते, त्याचं मूळ मात्र १९९५ ते ९८ या तीन वर्षांत सापडतं.

३९ गावांतल्या थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं: ऊब, अंगावरचं दूध, श्वास अडकलेल्या बाळाला मदत. तुलनेसाठी दुसरी ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षी शंभरातल्या ९३ बाळांपर्यंत ही सेवा पोहोचली आणि तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला.

वाद झाला तो सुईवरून. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला दवाखान्यात न्यायचा सल्ला आधी दिला जाई. आईबाप तयार नसले तर त्यांच्या संमतीने ही बाई घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देई. डॉक्टर नसलेल्या माणसाने तान्ह्या बाळाला टोचायचं? मात्रा चुकली तर कानाला, मूत्रपिंडाला धोका. आक्षेप खोटा नव्हता, पण तो घेणाऱ्यांच्या दाराशी दवाखाना होता. इकडे पावसाळ्यात नाले भरले की रस्ताच उरत नाही. संसर्ग झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ वर आलं, हे या वादात फार कमी वेळा सांगितलं जातं.

‘आरोग्यदूत’ हा शब्दही इथलाच घट्ट झालेला. प्रशिक्षण घेतलेली, गावातच राहणारी, नोंदवही आणि सुई दोन्ही सांभाळणारी बाई, एवढाच त्याचा अर्थ होता. करोनानंतर फलकावर फोटो असलेला कुणीही आरोग्यदूत झाला, ते सोडा.

२००५ मध्ये आशा योजना आली. २०११ मध्ये नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचं काम देशभर आशांकडे गेलं: जन्म दवाखान्यात झाला तर सहा भेटी, घरी झाला तर सात, मोबदला २५० रुपये. वजनकाटा, थर्मामीटर, भेटींचं वेळापत्रक सगळं उचललं. सुई तेवढी वाटेत गळली. २०१४ मध्ये केंद्राने जेंटामायसिन टोचायची परवानगी दिली ती उपकेंद्राच्या नर्सबाईला. आशाच्या पिशवीत राहिलं तोंडाने द्यायचं औषध.