‘वेड एका रात्रीत लागतं, आधी कुणाला कळणं शक्यच नाही’

हा समज बराच जुना आहे. पहिला मोठा झटका सगळ्यांना दिसतो, त्याआधीचे महिने मात्र नजरेतून सुटतात, म्हणून तो खराही वाटतो.

प्रत्यक्षात सायकोसिसच्या (खरं काय आणि भास काय हेच कळेनासं होणं, ज्याला लोक ‘वेड’ म्हणतात) आधी बहुतेकदा काही महिने, कधी वर्षंही, हळूहळू बदल होत असतात. वय साधारण पंधरा ते तिशीच्या आतलं. झोप उलटीपालटी होते, अभ्यास घसरतो, जिवलग मित्रही नकोसे होतात. मग ‘बसमधले लोक माझ्याबद्दलच बोलत होते का?’ असा संशय येतो, किंवा कुणीतरी हाक मारल्याचा भास होतो. या टप्प्यावर ‘छे, मनाचे खेळ असतील’ असं त्या मुलाला स्वतःलाही वाटतं. हा फरक महत्त्वाचा, कारण पुढे ‘हे मनाचे खेळ असतील’ ही शंकाच उरत नाही, ते सगळं खरंच वाटू लागतं.

पडताळायचं असेल तर त्याची तुलना शेजारच्या मुलाशी नको, सहा महिन्यांपूर्वीच्या त्याच्याशीच करा. एखादा चिडका आठवडा म्हणजे आजार नव्हे. बदल टिकून असेल, वाढत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. ‘आवाज ऐकू येतात का?’ असं विचारल्याने आवाज सुरू होत नाहीत.

डॉक्टरकडे गेलं की जन्मभर गोळ्या, हीही भीतीच. अशा धोक्याच्या टप्प्यातल्या बहुतेकांना पुढे सायकोसिस होतच नाही. उपचारात आधी समुपदेशन, झोप, गांजा बंद करणं आणि नियमित तपासणी येते. आजार सुरू झालाच, तर उपचाराला जितका उशीर तितकं सावरणं अवघड.