कोल्हापुरात रेडिओ दिवेलागणीलाच का लागायचा

आमच्या मंगळवार पेठेतल्या घराची कौलं गेल्या उन्हाळ्यात उतरवली, तेव्हा आढ्याच्या टोकाला चिनी मातीचा एक मणी सापडला. कोंबडीच्या अंड्याएवढा, पांढरा, आणि त्याच्या भोकांतून ओवलेली तांब्याची तार, काळी-हिरवी पडलेली. सुताराला वाटलं, कुणीतरी दृष्टीसाठी बांधलंय. ती रेडिओची एरियल होती. सेटची दुसरी तार मागच्या परड्यात जमिनीत गेलेली होती. तिथं पुरलेल्या पत्र्यावर रोज संध्याकाळी घागरभर पाणी ओतायचं काम माझ्या आत्तीकडं असायचं. माती ओली असली की ‘अर्थ’, म्हणजे सेटची जमिनीशी जोड, चांगला मिळतो, खरखर कमी होते. हे तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. सोप्यातून फक्त हाक यायची, “पाणी घाटलंस काय गं? मुंबई लागंना!”

ही गोष्ट बेचाळीस-त्रेचाळीस सालची. पाणी संध्याकाळीच का घालायचं, सकाळी का नाही, हा प्रश्न आत्तीला त्या वयात पडला नाही. मला मात्र मणी हातात घेतल्यावर पडला.

त्याचं उत्तर मुंबईच्या यंत्रात आणि आभाळात आहे. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झालं. त्याला २०२७ मध्ये शंभर वर्षं होतील. या केंद्राचं प्रक्षेपण दीड किलोवॅटचं, मिडियम वेव्हवर, म्हणजे मध्यम लांबीच्या रेडिओ लहरींवर. त्याचा भरवशाचा पल्ला तीसेक मैल, म्हणजे कल्याणच्या थोडं पुढं. कोल्हापूर सरळ रेषेत मोजलं तरी मुंबईपासून सुमारे ३०० किलोमीटर, मधे सगळा सह्याद्री. दिवसा या लहरी वर गेल्या की साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा वातावरणाचा विद्युतभारित थर त्या गिळून टाकतो. हा थर उन्हावर जगतो. सूर्य बुडाला की तो विरत जातो, आणि मग त्याच लहरी आणखी वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर खाली उतरतात. म्हणजे रंकाळ्यावर अंधार पडला की मुंबई आपोआप जवळ यायची.

जवळ यायची, पण नीट बसायची नाही. आवाज लाटेसारखा चढायचा, मधेच विहिरीत गेल्यासारखा खोल जायचा, समेच्या तोंडावर गायब व्हायचा. सगळ्यात वाईट दिवस वळवाचे. राधानगरीकडं वीज चमकली की सोप्यात भोंग्यातून ताडताड आवाज, आणि मग आजोबा उठून एरियलची तार सेटमधून काढून ठेवायचे. घरावर वीज पडेल ही भीती, आणि ती उगाच नव्हती.

मुंबईवरून हवेत गाणं सोडायचा खटाटोप १९२७ च्या आधीचा आहे. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने पोस्ट आणि तार खात्याच्या मदतीनं आपल्या मुंबईच्या कचेरीतून संगीताचा एक खास कार्यक्रम प्रसारित केला. फर्माईश गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांची, आणि ते ऐकायला बसले होते पुण्यात. आपल्याकडच्या रेडिओची पहिली गाजलेली मैफल ही अशी एका लाटसाहेबाच्या कानासाठी झाली. पुढं जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबचे कार्यक्रम सुरू झाले. त्या हौशी मंडळींचं कानाला लावायचं यंत्र, खड्याच्या स्फटिकावर सुई टेकवून स्वर शोधणं, हे सगळं मुंबईपुरतंच होतं.

कंपनीचा कारभार मात्र अल्पायुषी ठरला. अधिकृत भांडवल १५ लाख, गोळा झाले ६ लाख, त्यातला मोठा भाग मुंबई आणि कलकत्ता ही दोन केंद्रं उभारण्यातच संपला. उत्पन्न लायसन्सच्या फीवर, वर्षाला दहा रुपये. पहिल्या वर्षअखेर अख्ख्या देशात लायसन्सं साडेतीन हजारांच्या आसपास. चोरून ऐकणारे किती, हे त्यांचं त्यांना माहीत. १ मार्च १९३० ला कंपनी दिवाळ्यात गेली आणि एप्रिलपासून सरकारनं ती चालवायला घेतली. ८ जून १९३६ ला ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. आकाशवाणी हा शब्द त्याआधीच, १९३५ साली, म्हैसूरच्या केंद्रानं घेतला होता. आमच्याकडच्या जुन्या माणसांना तो ऐकून पहिल्यांदा कंसच आठवायचा.

आता कोल्हापूरकडं वळू, कारण खरी गंमत इथं आहे. रेडिओ आला तेव्हा या गावाला गाण्याची भूक नव्हती, उलट गाणं उतू जात होतं. गायन समाज देवल क्लब १८८३ पासूनचा. पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी १९१५ पर्यंत उभं केलेलं. अल्लादियाखाँसाहेब दरबारी गायक. १९२२ मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेबांनी मुंबई गाठली. म्हणजे मुंबईत स्टुडिओ उभा राहायच्या आधीच कोल्हापूरची गायकी मुंबईत जाऊन बसली होती. स्वतः खाँसाहेबांनी आपलं गाणं ध्वनिमुद्रित होऊ दिलं नाही. यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि मला तरी त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. त्यांचे धाकटे चिरंजीव भुर्जीखाँसाहेब मात्र इथंच राहिले, अंबाबाईच्या देवळातली गायनसेवा त्यांच्याकडं होती.

मायक्रोफोनही कोल्हापूरकरांना नवा नव्हता. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ ला इथं निघाली आणि १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट तिनं इथंच बनवला. त्यात हरिश्चंद्र झालेले आणि संगीत देणारे गोविंदराव टेंबे हे पंचगंगेकाठच्या सांगवड्यात जन्मलेले. पुढच्याच वर्षी प्रभातनं पुण्याला बिऱ्हाड हलवलं, आणि त्याची खंत गावात अजून बोलून दाखवतात.

अशा गावात रेडिओ लावून बसायचं म्हणजे आधी घड्याळाशी जुळवून घ्यायचं. देवल क्लबात गवई तंबोरे लावण्यातच अर्धा तास घालवायचा, आणि कुणी घड्याळाकडं बघितलं तर तो अपमान. रेडिओवर सगळं मोजून मिळायचं. टेप नव्हती, म्हणून गाणं जिवंतच, दाराला जाड पडदे लावलेल्या खोलीत, समोर श्रोता नसताना. दाद द्यायला कुणी नाही. गाणाऱ्याची नजर ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर नाही, लाल दिव्यावर. वेळ संपली की निवेदक पुढच्या कार्यक्रमाला हात घालणार. माझ्या आजोबांना हे कधी पटलं नाही. “रंगात यायच्या आधीच आटपतंय,” म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा सेटपुढं मांडी घालून बसायचे. अर्ध्या गल्लीसाठी सोप्यात जाजम टाकलेलं असायचंच.

या मोजून मिळण्याचा फायदा झाला तो भावगीताला. तबकडीची सव्वातीन मिनिटं आणि रेडिओची पंधरा मिनिटं, दोन्हींत ते चपखल बसलं. नाट्यपदाला मागचा प्रसंग माहीत असावा लागतो. भावगीताला काहीच लागत नाही, कडवं संपायच्या आत ऐकणाऱ्याचं होऊन जातं. ज्या घरातल्या बायकांना बैठकीच्या गाण्याला जायची मुभा नव्हती, त्यांच्या चुलीपर्यंत गाणं पोचलं ते याच वाटेनं.

आत्तीनं सांगितलेली आणखी एक गोष्ट मला भौतिकशास्त्रापेक्षा जास्त आवडते. तिला यमन ओळखता यायचा, बिहाग, बागेश्री, मालकंस ओळखता यायचे. भैरव, तोडी, सारंग कानावरच नव्हते. रेडिओवर राग त्याच्या प्रहरी गायचा दंडक, आणि आमच्या सेटवर मुंबई लागायची ती अंधार पडल्यावर. सकाळचे राग दीड किलोवॅटवर घाट चढत नव्हते. “तोडी मी पहिल्यांदा देवळात ऐकली, आणि मला वाटलं बुवांचं काहीतरी चुकतंय,” असं ती हसत सांगायची. १९३८ मध्ये मुंबईला दहा किलोवॅटचं शॉर्ट वेव्ह, म्हणजे आखूड लहरींचं, प्रक्षेपण आलं, त्यानं दिवसाही लांबचा पल्ला गाठता यायला लागला. पण शॉर्ट वेव्हचा सेट हवा, आणि तो आमच्याकडं नव्हता.

त्याच सुमारास एक गोष्ट कोल्हापूरच्या वर्मी लागणारी झाली. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, बंदी आली. तिचे सूर ठोकून बसवलेले, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघत नाही, सुरांमधल्या बारीक श्रुती सापडत नाहीत, असा आक्षेप. तो साफ चुकीचा नाही. पण पेटी या मुलखात घरोघरची, भजनातली, नाटकातली, आणि तिच्यातून बोल काढणारे टेंबे याच मातीतले. सांगवड्याच्या माणसाची बोटं मैफलीत चालतात आणि रेडिओवर चालत नाहीत, हे गावात कुणाला पटणार? साथीपुरती पेटी परत आली ती १९७१ मध्ये. टेंबे १९५५ सालीच गेले होते.

१९५३ मध्ये पुणे केंद्र झालं आणि १९६३ मध्ये सांगली. सांगली म्हणजे इथून पन्नास किलोमीटरच्या आत, मधे डोंगर नाही. भर दुपारी, कडकडीत उन्हात, एरियलशिवाय, ट्रान्झिस्टरवर खणखणीत लागायला लागलं. परड्यात पाणी घालायचं काम त्या साली सुटलं. आढ्यावरची तार तशीच राहिली. परड्यातली मात्र आजीनं उपसून काढली आणि न्हाणीपासून पेरूपर्यंत बांधून तिच्यावर धुणं वाळत घातलं.