नागपुरातील मराठी प्राथमिक शाळा

नागपूर शहरातील मराठी माध्यमाच्या प्राथमिक शिक्षणाची परंपरा. तिचा आरंभ सामान्यतः १८४६ च्या सुमाराचा धरतात. स्कॉटिश फ्री चर्चचे मिशनरी व भूवैज्ञानिक स्टीफन हिस्लॉप (मृत्यू १८६३) यांनी तेव्हा शहरात शाळा काढली. मात्र ही गणना नव्या पद्धतीच्या शाळेपुरतीच ग्राह्य ठरते. भोसल्यांचे राज्य खालसा होण्यापूर्वी (१८५३-५४) पंतोजींच्या शाळांतून अक्षरओळख व हिशेब शिकवीत. त्यांना वगळून हा इतिहास सांगणे अन्यायाचे होईल.

पंतोजींकडे मूल धूळपाटीवर बोटाने प्रथम ‘ओनामासीधं’ गिरवी. हे ‘ॐ नमः सिद्धम्’चे बोली रूप, याविषयी दुमत नाही, मतभेद आहे तो ‘सिद्धम्’विषयी. काही अभ्यासक त्यात जैनांचे सिद्धवंदन, म्हणजे मुक्त आत्म्यांना केलेले नमन, पाहतात. काही कातंत्र या जुन्या संस्कृत व्याकरणग्रंथाच्या ‘सिद्धो वर्णसमाम्नायः’ या पहिल्या सूत्राकडे बोट दाखवितात. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्रिक इत्सिंग मुलांच्या पहिल्या पाठाचे नाव ‘सिद्ध’शी जोडूनच देतो. त्यामुळे हा शब्द मुळात वर्णमालेचा वाचक असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. सर्व पंथांच्या घरांत तो रुळला, याचाही त्याने उलगडा होतो. ‘ओनामा’ म्हणजे प्रारंभ, हा अर्थ मराठीत टिकून आहे.

गणितात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असत. औटकी हा साडेतिनाचा पाढा, पाचाला साडेसतरा. सोळा आण्यांचा रुपया, पावशेर-अदशेराची मापे अशा बाजारात त्यांवाचून चालत नसे. १९५७ साली दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने, आणि या पाढ्यांची गरज सरली. मोडीचे शिक्षणही त्याच सुमारास मागे पडले.

१८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले. नगरपालिका १८६४ ची, महानगरपालिका १९५१ ची. महापालिका मराठीसोबत हिंदी व उर्दू माध्यमांच्याही शाळा चालविते. जुन्या हिंदी-मराठी द्वैभाषिक मध्य प्रांताची ही खूण म्हणता येईल.

उन्हामुळे येथे मार्च-एप्रिलात सकाळची शाळा भरते. नवे सत्रही उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, बहुधा जूनच्या अखेरच्या आठवड्यात सुरू होते.