डोळ्याला न दिसलेला चढ

लीझबर्ग गाव मागे पडलं आणि सायकल जड झाली. गुळगुळीत डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना गर्द झाडी आणि समोर नजर जाईल तिथवर सगळं सपाट. तरी स्पीडोमीटरचा आकडा ताशी 25 किलोमीटरवरून 18 वर आला होता. मागचा ब्रेक घासतोय असं वाटून मी उतरलो, सीट धरून मागचं चाक उचललं आणि हाताने पायडल फिरवलं. चाक टिकटिकत बराच वेळ मोकळं फिरत राहिलं.

"दाजी, चाक तर मोकळं आहे. मग सायकल पळत का नाहीये?"

"अरे, चढ आहे हा. पुढच्या क्लार्क्स गॅप खिंडीपर्यंत असाच, चारेक मैल."

मी पुन्हा समोर बघितलं. चढ काही दिसला नाही. तेव्हापासून हे कोडं डोक्यात आहे, म्हणून हा लेख.

हा रस्ता म्हणजे अमेरिकेच्या उत्तर व्हर्जिनियातला 'वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन ट्रेल'. आर्लिंग्टनपासून पर्सेलव्हिलपर्यंत 45 मैल, म्हणजे साधारण 72 किलोमीटर. मोटारींना मज्जाव. चालणारे, धावणारे, बाबागाडी ढकलणारे आणि सायकलवाले असे सगळे त्याच डांबरावर, आणि बऱ्याच अंतरापर्यंत शेजारून घोड्यांसाठी खडीची वेगळी वाट. ताई ॲशबर्नला राहते. तिथे ट्रेलच्या कडेला डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या भिंती उभ्या आहेत. पश्चिमेला सरकत गेलं की त्या संपतात, गूस क्रीकवरचा पूल लागतो, आणि लीझबर्गनंतर कुरणं, कुंपणं, धान्याची कोठारं असा खेडवळ मुलूख सुरू होतो.

पूर्वी इथे रेल्वे होती. ब्लू रिज डोंगर ओलांडून पलीकडच्या कोळशाच्या खाणी गाठायच्या, हा ती बांधणाऱ्यांचा बेत. 1860 मध्ये गाडी लीझबर्गला पोहोचली, पण डोंगर काही तिला ओलांडता आला नाही. 1968 मध्ये मार्ग बंद पडला, रूळ उखडले गेले. 1974 मध्ये फॉल्स चर्च इथे ट्रेलचा पहिला तुकडा खुला झाला आणि 1988 मध्ये तो पर्सेलव्हिलला पोहोचला. रूळ गेले, पण रुळांसाठी घातलेले भराव आणि फोडलेल्या खिंडी राहिल्या. माझ्या कोड्याचं अर्धं उत्तर त्यांच्यात आहे.

पोलादी चाक पोलादी रुळावर इतकं अलगद घरंगळतं की 1000 किलो वजन सपाटीवर हळूहळू ओढत ठेवायला दीड-दोन किलो वजनाइतकाच जोर पुरतो. मात्र 100 मीटरला 1 मीटर, म्हणजे 1 टक्का चढ आला, की त्यात सरळ 10 किलोंची भर पडते. इंजिनाला सहा ते आठपट जोर लावावा लागतो, आणि पोलादावर पोलादाची पकड बेताचीच. म्हणून रेल्वेचा इंजिनिअर चढाला फार जपतो. टेकडी आली की कापतो, ओढा आला की भराव घालतो. आपल्या बोर घाटात 37 फुटांना 1 फूट, म्हणजे 2.7 टक्के चढ आहे. मोटारवाल्याला तो किरकोळ वाटेल, पण त्या चढासाठी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं जोडावी लागतात. क्लार्क्स गॅपचा चढ याच्या निम्म्याहून कमी, सव्वा टक्क्याच्या आसपास आहे.

आता हाच हिशेब पायांसाठी करू. मी आणि सायकल मिळून 85 किलो धरा. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ताशी 25 किलोमीटरने जायला साधारण 95 वॉट लागतात. रोज पायडल न मारणारा धडधाकट माणूस तेवढी शक्ती तासभर देऊ शकतो. तेवढ्याच ताकदीने सव्वा टक्क्याच्या चढाला लागलं तर वेग उतरून 18 च्या आसपास येतो. स्पीडोमीटरने नेमकं तेच दाखवलं होतं. बोर घाटाच्या रेल्वेइतक्या चढाला हाच वेग बाराच्या आत येईल, आणि 8 टक्क्यांच्या घाटरस्त्यावर जेमतेम पायी चालण्याइतका. 1 टक्क्यासारखा क्षुल्लक आकडा पायांना एवढा महाग पडतो, हे मला गणित मांडेपर्यंत खरं वाटलं नव्हतं.

पण मग डोळ्यांना तो का दिसत नाही? इथे गंमत अशी की एरवी आपले डोळे चढ वाढवून सांगतात. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या डेनिस प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये लोकांना टेकड्यांसमोर उभं करून चढाचा अंदाज विचारला. 5 अंशांचा चढ लोकांनी 20 अंशांच्या घरात सांगितला. रस्ता आपल्यावर चाल करून आल्यासारखा दिसतो, तो असा. माझा चढ मात्र पाऊण अंशाचाही नव्हता. इतक्या बारीक कलाची पारख करायला डोळ्याला तुलनेसाठी काहीतरी आडवं लागतं, म्हणजे क्षितिज, तळ्याचं पाणी किंवा घराची कौलांची रांग. खिंडीत आणि झाडीच्या बोगद्यात यातलं काहीच नसतं. मग रस्ता हीच सपाटी, असं मेंदू धरून चालतो. लेहजवळच्या 'मॅग्नेटिक हिल'वर गाडी आपोआप चढावर जाताना दिसते, तिथेही चुंबक वगैरे काही नाही. आजूबाजूच्या डोंगरउतारांमुळे खरं क्षितिज हरवतं आणि उतारालाच आपण चढ समजतो. सायकलवाले अशा छुप्या चढाला 'फॉल्स फ्लॅट' म्हणतात. मला आपली 'लबाड सपाटी' जास्त आवडते.

चढ नसतो तिथे झुंज हवेशी असते. सपाटीवर 25 च्या वेगाने जाताना लागणाऱ्या ताकदीचा दोन तृतीयांश भाग निव्वळ हवा बाजूला सारण्यात जातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने. वेग दुप्पट केला तर हवेसाठीची शक्ती आठपट. त्यात समोरून ताशी 15 किलोमीटरचा वारा आला, तर तोच 25 चा वेग टिकवायला एकट्या हवेपोटी 65 ऐवजी 165 वॉट मोजावे लागतात. कोपर वाकवून हँडलवर जरा ओणवं झालं, की फरक लगेच जाणवतो. मी दाजींच्या मागच्या चाकाला धरून गेलो तेव्हाही तो जाणवला. वारा ते अंगावर घेत होते.

उरलेला खर्च टायरचा. टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो आणि पुढे सरकल्यावर पुन्हा फुगतो. दबताना दिलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही, थोडी उष्णता होऊन जाते. हवा ठासून भरली की टायर कमी दबतो, म्हणून ट्यूब दगडासारखी टणक करायची आपली सवय. पण ती अगदी गुळगुळीत रस्त्यालाच लागू. ट्रेलच्या डांबराखाली झाडांची मुळं ओलाव्याच्या मागे सरकतात आणि जाड होत डांबराला खालून उचलतात. रस्त्यावर आडवे वरवंटे पुरल्यासारखे उंचवटे येतात. टणक टायर त्यांच्यावर सायकलसकट उडतो, आणि तो हादरा मनगटं, खांदे, पाठ शोषून घेतात. ती ऊर्जाही शेवटी पायांनीच पुरवलेली असते. अशा जागी हवा जरा कमी आणि टायर जरा रुंद असलेला बरा. पर्सेलव्हिलला पोहोचल्यावर मी दोन्ही टायरांमधली थोडी हवा सोडली. परतीला मनगटं दुखली नाहीत.

परत येताना क्लार्क्स गॅपच्या जुन्या दगडी कमानीखालून निघालो आणि पायडल मारणं थांबवलं. सायकल आपोआप पळू लागली. कागदावरचा हिशेब सांगतो की या उतारावर 20 च्या आसपास उताराची ओढ आणि हवा-टायरचा विरोध यांची बरोबरी होते. स्पीडोमीटर 19, 20, 21 असा घुटमळत राहिला. रस्ता अजूनही सपाटच दिसत होता.

मोह झाला, जोर लावून तिशी गाठावी. तेवढ्यात पुढे एक बाप दिसला. त्याच्याजवळ दोन जादा चाकांची सायकल चालवणारी चारेक वर्षांची मुलगी, भिंगरीसारखी इकडून तिकडे वळत होती. ताशी 30 ने जाताना धोका कळून ब्रेक दाबेपर्यंत 8 मीटर जातात, थांबेपर्यंत आणखी 8-9. मिळून 17 मीटर, म्हणजे एका एसटीच्या लांबीहून बरंच जास्त. ताशी 15 ला हेच साधारण सव्वासहा मीटर. मी ब्रेक दाबत आणले, लांबूनच घंटी वाजवली आणि इथल्या रिवाजाप्रमाणे "ऑन युअर लेफ्ट", म्हणजे तुमच्या डावीकडून पुढे जातोय, असं म्हणालो. बापाने मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिला उजवीकडे घेतलं. ती थांबून माझ्या चाकांकडे बघत राहिली.